जागा नंबर चोवीस

देवेंटर, १४ जानेवारी

रूलोफ,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण आपल्या घटस्फोटाच्या मध्यस्थ बाईंनी पत्रात खोटं लिहायचं नाही असं बजावलंय. फोनवर आपण भांडतो, समोरासमोर त्याहून जास्त, म्हणून जे काय असेल ते कागदावर, असा त्यांचा हुकूम. तुझं पत्र काल मिळालं. दोन पानं, त्यातलं दीड पान हॉटेलांची यादी. सव्वीस वर्षांच्या संसारात तू मला एवढं लांब पत्र कधी लिहिलं नव्हतंस. हॉटेलवाल्यांचे आभार.

तुझं म्हणणं मला असं समजलं: जुलैत बेल्जियमला मोटारींची शर्यत आहे. घटस्फोटात कॅरव्हान तुझ्याकडे आली आणि तंबू माझ्याकडे. सबब ट्रॅकला लागून असलेल्या लाम्बेर बाईंच्या कुरणातली आपली मुक्कामाची बेचाळीस नंबरची जागाही तुझी, कारण ‘जागा कॅरव्हानला जोडलेली असते.’ रूलोफ, गोगलगायीला शंख जोडलेला असतो. कॅरव्हानला कुरण जोडलेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि मी ‘या वयात, एकटीने’ तंबूत राहू नये, म्हणून ही पाच हॉटेलं. नगरपालिकेत एकोणीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितेय, तेव्हा क्रमवार घेते.

पहिलं हॉटेल गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात. तिथे पाहुणे पांढरे अंगरखे घालून नाश्त्याला येतात म्हणे. मी इंजिनं ऐकायला जाते. काकडीचं पाणी मला घरीही करता येतं, पण मी करत नाही.

दुसरं सीमेपलीकडे, जर्मनीत आखनला. ‘पाऊण तासाचा रस्ता.’ तू शाळेत भूगोल शिकवतोस ना? शर्यतीच्या रविवारी त्या रस्त्यावर संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला पोचतो, हे तुझ्या नकाशात नाही वाटतं.

तिसरा एक मठ. साधूंचा. जेवणानंतर मौन. ही निवड करताना तुझ्या चेहऱ्यावर काय असेल ते मला इथून दिसलं.

चौथं हॉटेल तंबूतलं. आत पलंग, गालिचा आणि छताला झुंबर. म्हणजे मी तंबूत राहू नये म्हणून तू मला तंबूत राहायला सांगतोयस.

पाचवं लिएजच्या स्टेशनासमोर. त्याच्यापुढे तूच लिहिलंयस, ‘स्वच्छ असावं.’ ‘असावं’ हा शब्द मीही तक्रारींच्या उत्तरांत वापरते. तो कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे.

सहावी सूचना माझ्या बहिणीची. हेलीन म्हणाली, “ताई, टीव्हीवर बघ ना. एकच वळण पाच बाजूंनी दाखवतात.” मी तिला म्हटलं, घरात बसून बघायचं असतं तर नवरा कशाला सोडला असता?

आता माझं ऐक. पहिल्या वर्षी जायचं कुणी ठरवलं? तू म्हणाला होतास, “गाड्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय?” मी मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याची मुलगी; मी हट्ट धरला. तिथे पोचलो तर आपल्या जागेसमोर मातीचा उंचवटा आणि त्यावर झाडांची भिंत. ट्रॅक हाताच्या अंतरावर, आणि दिसत काहीच नाही. तेव्हा तूच शोध लावलास की बघतात ते नवशिके, जाणकार ऐकतात. ठीक. मी ऐकायला शिकले. एकवीस वर्षं खुर्चीत डोळे मिटून बसले. आज कुठली गाडी कुठल्या गिअरमध्ये चढण चढतेय ते मी झोपेत सांगेन. तू शेजारी बसून मला काय चाललंय ते समजावत होतास, आणि बहुतेक वेळा चुकत होतास.

ती जागा माझ्या कानांनी कमावलेली आहे. मी ती हॉटेलच्या उशीबद्दल देणार नाही.

लाम्बेर बाईंचा नियम तुला माहीत आहे: फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठपासून फोन, वहीत नाव, आणि जो आधी त्याची जागा. आजवर फोन तू करायचास, कारण फ्रेंच ‘तुला येतं.’ यंदा मीही करणार.

तिनेके

ता. क. तुझ्या नव्या मैत्रिणीला, मार्लूसला सांगून ठेव, कॅरव्हानचा पाण्याचा पंप लाथ मारल्याशिवाय चालत नाही. डाव्या बाजूने, घोट्याच्या उंचीवर.


देवेंटर, ५ फेब्रुवारी (हे पाठवायचं नाही)

रूलोफ,

मी माती खाल्ली.

आठवडाभर आंघोळ करताना फ्रेंच वाक्य घोकलं. शेजारच्या बाईंनी भिंतीवर थाप मारून उच्चारही सुधारला एकदा. आज आठला एक मिनिट कमी असताना नंबर फिरवला आणि पहिल्या फटक्यात लागला. तुझ्या आधी.

“बोला,” लाम्बेर बाई म्हणाल्या. मागे गाय हंबरत होती.

मी नाव सांगितलं, शर्यत सांगितली, जागेचा नंबर सांगितला.

“चोवीस?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“नक्की ना? चोवीस?”

“हो हो, नक्की.”

“नशीबवान आहात. गेल्या वर्षापर्यंत ती कुणाला मिळाली नसती. लिहिलं नाव.”

फोन ठेवला, कॉफी ओतली, विजयाची म्हणून दोन बिस्किटं घेतली (एकच घेऊन डबा बंद करायचा हा तुझ्या आईचा नियम, तो मी तिच्याबरोबर पुरला), आणि मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर मी ऐकता ऐकता आकडा लिहिला होता. दोन, मग चार.

आपण डच माणसं आकडा मागून पुढे बोलतो. बेचाळीस म्हणताना आधी दोन, मग चाळीस. फ्रेंचमध्ये चाळीस आधी. मी डोक्यात बेचाळीस धरलं, तोंडात आधी दोन आला, त्या दोनाचे वीस झाले, चाळिसाचे चार झाले. बाईंनी दोनदा विचारलं. मी दोनदा ठासून सांगितलं.

चाळीस मिनिटं पुन्हा फोन लागला नाही. लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “बेचाळीस? आत्ताच गेली. ते कॅरव्हानवाले मास्तर.”

एकवीस-बावीस नंबरच्या खुंट्या मी पाणी आणताना पाहिल्यात. गोठ्याच्या मागे, शेणाच्या ढिगाला खेटून. चोवीस त्यांच्याच पंगतीत असणार. मठ परवडला.


देवेंटर, ७ फेब्रुवारी

रूलोफ,

कळवण्यास आनंद होतो की माझी जागा पक्की झाली आहे. नंबर चोवीस. तू बेचाळीस घेतलीस असं समजलं. अभिनंदन. मला बदल हवाच होता. गोठ्याजवळ सकाळी दूध ताजं मिळतं, गुरांची ऊब असते, आणि गुरं कुणाला काही समजावून सांगत नाहीत.

तिनेके


देवेंटर, १० मार्च

रूलोफ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तू आजारी आहेस.

‘चोवीस नंबर तुला झेपणारा नाही. मी मनाचा मोठेपणा दाखवून अदलाबदल करायला तयार आहे. तू बेचाळीस घे, मी चोवीसमध्ये भागवीन.’

हीच जागा जानेवारीत कॅरव्हानला जोडलेली होती. मार्चमध्ये ती सुटी कशी झाली? तुझा मनाचा मोठेपणा मी सव्वीस वर्षं जवळून पाहिलाय. त्याला नेहमी मागच्या बाजूने एक दार असतं. सोफा मला ‘देऊन टाकलास’ तेव्हा त्याला वाळवी लागली होती.

हे खरं की मला बेचाळीस हवी होती. एवढं कबूल करते. तू मागितली नसतीस तर आजही घेतली असती. पण तुझ्या हातून ती आयती घ्यायची, आणि मग पुढची वीस वर्षं ‘तिनेकेला मीच सोय करून दिली’ हे तुझ्या भावाच्या वाढदिवसाला ऐकायचं? त्यापेक्षा शेणाचा वास बरा. तो निदान पावसात कमी होतो.

नाही म्हणजे नाही. यावर पुन्हा लिहू नकोस. मध्यस्थ बाईंना तुझ्या पत्राची प्रत पाठवली होती. त्यांनी उत्तरात फक्त विचारलं की कुरणात अजून जागा आहे का.

मी दर रविवारी नदीकाठच्या मैदानात तंबू उभारायचा सराव करते. पहिल्या खेपेला पावणेदोन तास लागले आणि एका गृहस्थाने मदत हवी का विचारलं. मी नको म्हटलं. आज सत्तावीस मिनिटं लागली आणि कुणी काही विचारलं नाही.

तिनेके


कुरण, शुक्रवार, २६ जुलै

रूलोफ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू माझ्यापासून दोनशे पावलांवर आहेस. लाम्बेर बाई संध्याकाळी दूध द्यायला खाली येतील तेव्हा तुझ्या दारात सरकवतील.

काल दुपारी मी आले. तुझी कॅरव्हान आधीच लागलेली होती. पंपाला लाथा मारल्याचा आवाज येत होता, पण चुकीच्या बाजूने. मी रबरी बूट घालून, नाक तयार ठेवून गोठ्याकडे वळले तर बाई मागून ओरडल्या.

“अहो, तिकडे कुठे?”

“चोवीस.”

“चोवीस वर. बावीसनंतर सगळे आकडे वर. माझ्या सासऱ्यांनी खुंट्या मारल्या, मधेच जेवायला गेले, आणि जेवून आल्यावर वरच्या कुरणात मारत सुटले. आता कोण बदलणार?”

वरचं कुरण. तारेच्या पलीकडचं. बाईंचा कुत्रा ज्याच्या फाटकाशी पडून असतो आणि खालच्या कुणाला जाऊ देत नाही, तेच. ‘तिथे नुसते बघे असतात,’ असं तू म्हणायचास.

रूलोफ, इथून सगळं दिसतं.

दरीतून रस्ता येतो, तळाशी डावीकडे मोडतो, उजवीकडे मोडतो आणि भिंतीसारखा वर चढतो. आज सकाळी सरावाच्या गाड्या सुटल्या. पहिली आली तेव्हा मी सवयीने डोळे मिटले. आवाज ओळखला. मग डोळे उघडले. एकवीस वर्षं जो आवाज मी ऐकत होते त्याला शरीर आहे. चढणीच्या माथ्यावर गाडी क्षणभर हलकी होते, तेव्हा तो स्वर बारीक होतो. मला वाटायचं वारा आवाज खातो. वाऱ्याचा काही संबंध नव्हता. माझ्या डोळ्यांत धूळ गेली. काल रात्रभर पाऊस होता, तरी गेली.

सराव संपल्यावर बाई कॉफी घेऊन आल्या. मी त्यांना फोनवरची माझी चूक सांगून टाकली. त्या हसल्या नाहीत.

“म्हणून तर दोनदा विचारलं,” म्हणाल्या. “तुम्ही हॉलंडवाले आकडे उलटे बोलता. तुमच्या यजमानांनीही तेच केलं होतं.”

“कधी?”

“पहिल्या वर्षी. तुम्ही गाडीत झोपला होतात. ते वहीत बघतात तर बेचाळीस. चेहराच उतरला. मी म्हटलं, मास्तर, चोवीस हवी होती का? फोनवर तुम्ही बेचाळीस म्हणालात, पण चोवीस रिकामी आहे, जा वर. तर म्हणाले, छे, मला बेचाळीसच हवी होती.”

“आणि मग?”

“मग काय. फाटकाशी एक डेन्मार्कचा माणूस जागा मागत उभा होता. त्याला दिली. एकवीस वर्षं आला बिचारा. यंदा गुडघे गेले त्याचे.”

मी कॉफी संपवली. बाईंनी आणखी ओतली. मग मला आठवलं, आपल्याला इथे यायला सांगितलं होतं तुझ्या शाळेतल्या हार्मने. एका चिठ्ठीवर त्याने जागेचा नंबरही लिहून दिला होता. ती चिठ्ठी तू मला कधी दाखवली नाहीस.

म्हणजे ‘जाणकार ऐकतात’ हे तुला कुरणात शिरल्यावर दहा मिनिटांत सुचलं. आणि पुढे एकवीस वर्षं ते टिकवावं लागलं. दर वर्षी त्या मातीच्या ढिगासमोर खुर्ची मांडून, बायकोला समजावून सांगत. मार्चमधल्या मोठेपणाचं मागचं दार आता सापडलं.

चूक मीही तीच केली. अक्षरशः तीच, उलट्या बाजूने. पण मी शेणाच्या ढिगाशी राहायला आले होते. तू मला मातीच्या ढिगासमोर बसवून त्याला संगीत म्हणालास.

मला एक ओळ हवी आहे. बाईंनी सांगितलं ते खरं की नाही. हो किंवा नाही. कारणं नकोत.

तिनेके


कुरण, रविवार, २८ जुलै, सकाळ

रूलोफ,

एक ओळ मागितली होती. तू काल दुपारी स्वतःच आलास. कुत्र्याला सॉसेज देऊन. मध्यस्थ बाईंचा नियम मोडलास, तेव्हा काल काय बोलणं झालं ते मी लिहून ठेवते. तुझी आठवण सोयीप्रमाणे वळते, आणि साक्षीला मार्लूस होती.

तू तारेपाशी उभा राहून दरीकडे बघत राहिलास. गाड्या चढत होत्या. तू पहिल्यांदाच बघत होतास, हे माझ्या लक्षात आलं. क्षणभर मला तुझी दया आली. मग तू बोललास.

“न्यायाने बघायला गेलं, तर ही जागा मी आधी मागितली होती. एकवीस वर्षांपूर्वी.”

बघ, किती सुंदर आहे हे. सव्वीस वर्षांच्या संसारात तू पहिल्यांदा चूक कबूल केलीस, आणि तीही हक्क सांगण्यासाठी.

“म्हणजे बाई म्हणाल्या ते खरं,” मी म्हटलं.

“तांत्रिकदृष्ट्या. प्रश्न आत्ताचा आहे. तुला एकटीला एवढी जागा लागते कशाला? कॅरव्हान इथे व्यवस्थित बसेल. आणि झऱ्याच्या गावातल्या त्या हॉटेलात एक खोली रिकामी झालीय. मी फोन करून धरून ठेवलीय. आत्ता निघालीस तर गरम पाण्यात बसशील.”

“रूलोफ,” मार्लूस म्हणाली, “तू हिच्यासाठी खोली धरलीस?”

“हिच्या सोयीसाठी.”

“मी गुरुवारपासून सांगतेय मला आंघोळ करायचीय.”

मग ती माझ्याकडे वळली. बाई चांगली आहे. तुझी निवड माणसांत बरी असते, जागांतच फसते. “खालून काहीच दिसत नाही हो,” म्हणाली. “हा म्हणतो, ऐक. मी काय ऐकू? मला सगळं मधमाश्यांसारखं वाटतं. तुम्ही एकवीस वर्षं कशी काढलीत?”

“मला वाटलं होतं तशीच असते शर्यत,” मी म्हटलं.

हे बोलताना माझा आवाज जरा बदलला असेल. तू खाली बघितलंस. तुझ्या बुटावर चिखल होता, तो तू गवताला पुसत राहिलास. तेवढ्यात पुढची गाडी आली आणि आपण तिघंही मान वळवून तिच्यामागे बघत राहिलो. ती गेल्यावर तू म्हणालास, “तुला सांगायला हवं होतं. पहिल्या संध्याकाळीच सांगणार होतो. पण तू डोळे मिटून बसली होतीस आणि खूश दिसत होतीस.”

याचं उत्तर रात्री झोपून सकाळी सुचलंय, ते असं: मी खूश होते, हे खरं. पण ते खूश असणं माझं होतं, माझ्या कानांचं. त्याच्या आड तू तुझी चूक लपवायला नको होतीस. आणि पहिल्या संध्याकाळी सांगितलं असतंस तर मी हसले असते, आपण कॅरव्हान वर ओढली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. कदाचित अजूनही एका जागेत राहिलो असतो. कदाचित नसतो, सोफ्याचाही प्रश्न होताच.

आता उत्तर. जागा मिळणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. मी सकाळीच बाईंना वहीत पुढच्या वर्षासाठी नाव लिहायला लावलं. आकडा बोलले नाही, खुंटीवर हात ठेवून दाखवला. त्या म्हणाल्या, फेब्रुवारीचा नियम सगळ्यांना आहे. मी म्हटलं, एकवीस वर्षांची थकबाकी आहे. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आणि वही मिटली.

हॉटेलची खोली मार्लूसला दे. तिला आंघोळीची गरज आहे आणि तू कॅरव्हानमध्ये बसून जे समजावशील ते तिला तिथे ऐकू येणार नाही.

पण शर्यत तीनला सुटते, आणि झऱ्याच्या गावातून ती कुणालाच दिसत नाही. म्हणून असं करा: आंघोळ संध्याकाळी. अडीचला दोघंही वर या. कुत्र्याला सॉसेज लागणार नाही, मी बाईंना सांगून ठेवलंय. मार्लूस माझ्या शेजारी बसेल. तिला मी आधी डोळे मिटून ऐकायला लावणार आहे, मग उघडायला. तू तिच्या पलीकडे बस.

मात्र एक अट आहे. मला काय दिसतंय, ते मला समजावून सांगायचं नाही.

तिनेके